जुन्या मैफलींच्या टेप आणि नवे जॅझ अल्बम: काय घ्यावं, काय सोडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: «दोन-तीन वर्षांपासून जॅझ ऐकतोय. दर महिन्याला कोलट्रेन, मंक, बिल एव्हन्स यांचं 'आजवर कधीही न ऐकलेलं' लाइव्ह रेकॉर्डिंग बाहेर पडतं. एलपी मागवायचा तर काही हजार रुपये जातात. हे सगळं खरंच घेण्याजोगं असतं का? यातलं अधिकृत कुठलं आणि उचलेगिरी कुठली, हे कसं कळायचं? की हे सोडून आजच्या वादकांचे नवे अल्बम ऐकावेत?»

आधी सरळ उत्तर देतो. सगळं घेण्याजोगं नसतं. वादकाचं नाव बघून घेऊ नका, टेपचा इतिहास बघून घ्या. आणि महिन्याला एकच अल्बम परवडत असेल, तर पहिला पैसा हयात वादकाच्या नव्या कामाला द्या.

मी जुन्या स्पूल टेप डिजिटल करून देतो. माझ्याकडे येणारा बहुतेक माल घरगुती बैठकींचा असतो. कुणाच्या दिवाणखान्यात झालेलं गाणं, गणेशोत्सवातला कार्यक्रम, नाट्यपदं, अधूनमधून मुंबई-गोव्याकडच्या एखाद्या बँडचं रील. जॅझचा नाद मात्र या कामाच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे असा अल्बम हातात आला की मी आधी पुस्तिका उघडतो. टेप कोणी केली, कशासाठी केली आणि इतकी वर्षं ती कुठे पडून होती? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की आवाज कसा असेल आणि आत नवं काही हाती लागेल का, याचा अंदाज न ऐकताही बराचसा येतो.

सगळ्यात भाग्याची टेप म्हणजे रेडिओवाल्यांनी केलेली. २९ नोव्हेंबर १९५७ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटरच्या मदतीसाठी एक मोठा कार्यक्रम झाला. बिली हॉलिडे, रे चार्ल्स, डिझी गिलेस्पी अशी सगळी मंडळी त्या रात्री तिथे होती. पियानोवादक थेलोनिअस मंकच्या चौकडीत सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन होता, बासवर अहमद अब्दुल-मलिक आणि ड्रम्सवर शॅडो विल्सन. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नं परदेशी प्रसारणासाठी ते सगळं रेकॉर्ड केलं. पुढे त्या टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या आणि विसरल्या गेल्या. २००५मध्ये तिथले लॅरी ॲपलबॉम जुन्या टेपचं डिजिटायझेशन करत असताना मंकचं नाव हातानं लिहिलेलं एक खोकं त्यांच्या नजरेस पडलं. त्याच वर्षी ब्लू नोट कंपनीनं तो अल्बम काढला.

या टेपचं मोल नुसत्या नावांमुळे नाही. मंक आणि कोलट्रेन यांची ही जोडी १९५७मध्ये फाइव्ह स्पॉट या क्लबात जेमतेम काही महिने टिकली. पण कोलट्रेनच्या वादनाची दिशा त्या काही महिन्यांत बदलली, असं सगळे जाणकार सांगत आले होते. पुरावा मात्र तुटपुंजा होता. या चौकडीच्या स्टुडिओत झालेल्या फक्त तीन रचना, आणि कोलट्रेनची पत्नी नाइमा हिनं घरगुती मशीनवर केलेली, १९९३मध्ये बाजारात आलेली एक धूसर टेप, एवढंच. नाइमाची टेप ऐकताना आपण क्लबच्या दाराबाहेर उभे आहोत असं वाटतं. कार्नेगीची टेप ऐकताना पियानोच्या कडेला. 'मंक्स मूड' ही पहिली रचना नीट लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला बास आणि ड्रम्स जवळपास बाजूलाच असतात. पियानो आणि सॅक्सोफोन ठाय चालीनं, एकमेकांचा श्वास बघत पुढे सरकतात. मंक मधेच एखादी तान वरून खाली घरंगळत सोडतो आणि कोलट्रेन तिच्यावर पाय न देता आपला सूर धरून राहतो. ही समज स्टुडिओतल्या तीन रचनांमधून कळत नव्हती. संग्रहातली टेप आपलं त्या वादकाबद्दलचं मत बदलते तेव्हा ती घ्यायची. हीच माझी कसोटी.

दुसरा प्रकार आवाजाच्या माणसानं स्वतःच्या कामासाठी केलेल्या टेपचा. ऑगस्ट १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात कोलट्रेन आणि एरिक डॉल्फी एकत्र वाजवत होते. रिच ऑल्डरसन हा तरुण इंजिनिअर क्लबची नवी ध्वनियंत्रणा तपासून बघत होता, आणि ती चाचणी म्हणून त्यानं एकाच रिबन मायक्रोफोनवर हे वादन टिपलं. टेप नंतर हरवली आणि कित्येक वर्षांनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात सापडली. इम्पल्स कंपनीनं २०२३मध्ये 'इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट' या नावानं ती बाहेर काढली.

पुष्कळ लोकांची तक्रार होती की यात एल्विन जोन्सचे ड्रम्स फार पुढे आहेत आणि मॅकॉय टायनरचा पियानो मागे पडतो. तक्रार बरोबर आहे. पण एक मायक्रोफोन म्हणजे खोलीत एका जागी बसलेला एक श्रोता. त्याला जे जास्त ऐकू आलं तेच टेपवर उमटलं. एल्विन जोन्सच्या समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर काय आदळत असेल, ते बहुमायक्रोफोनच्या स्वच्छ रेकॉर्डिंगमधून कळत नाही. इथे ते कळतं. याच मंडळींचं रेकॉर्डिंग तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६१मध्ये, व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात रूडी व्हॅन गेल्डर या नामांकित इंजिनिअरनं केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. व्हॅनगार्डमध्ये प्रत्येक वाद्य आपापल्या जागी आहे. गेटमध्ये सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर येतात. त्याच सुमारास 'डाउन बीट' मासिकात या वादनाला 'अँटी-जॅझ' म्हटलं गेलं होतं, आणि गेटची टेप ऐकली की त्या समीक्षकाला नेमकं काय सोसवलं नसेल याची कल्पना येते. मला स्वतःला 'आफ्रिका' या रचनेसाठी ही टेप अमोल वाटते. रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस असे दोन बास एकाच वेळी चालू आहेत आणि कोलट्रेन त्यांच्यावर वीस मिनिटांहून जास्त वेळ इमारत चढवतो. स्टुडिओतल्या 'आफ्रिका'त मोठा वाद्यवृंद आहे. इथे तो नाही, आणि त्याची उणीव भासत नाही.

तिसरा प्रकार खासगी टेपचा. कोलट्रेननं 'अ लव्ह सुप्रीम' डिसेंबर १९६४मध्ये स्टुडिओत वाजवलं. ते सगळं मिळून ३३ मिनिटांचं. मैफलीत त्यानं ते क्वचितच वाजवलं, आणि कित्येक वर्षं जुलै १९६५च्या, फ्रान्समधल्या अँटिब महोत्सवातली एकच पूर्ण प्रत माहीत होती. मग २०२१मध्ये सिएटलच्या पेंटहाउस क्लबातली, २ ऑक्टोबर १९६५ची टेप बाहेर आली. ती तिथले सॅक्सोफोनवादक आणि शिक्षक जो ब्राझिल यांनी केली होती आणि मरेपर्यंत स्वतःजवळ जपली होती. इथे तेच 'अ लव्ह सुप्रीम' ७५ मिनिटं चालतं. चौघांच्या जागी सात जण आहेत, फारो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड धरून. सॅक्सोफोन मायक्रोफोनपासून लांब आहेत, एल्विन जवळ आहे, आणि स्टुडिओतल्या प्रतीची शांत प्रार्थना इथे सापडणार नाही. स्टुडिओतली प्रत तोंडपाठ झाल्याशिवाय ही घेऊ नका. झाली असेल तर उद्याच घ्या.

मंकचा 'पालो आल्टो' हाही असाच अल्बम, आणि नव्या श्रोत्याला मी बेधडक सुचवतो. १९६८चं वर्ष, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरचे महिने. कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलचा सोळा वर्षांचा विद्यार्थी डॅनी शर यानं शाळेच्या सभागृहात मंकचा कार्यक्रम ठरवला. गोऱ्यांच्या पालो आल्टोत आणि शेजारच्या कृष्णवर्णीयांच्या ईस्ट पालो आल्टोतही त्यानं तिकिटं खपवली. मंकसारखा माणूस इथे येईल यावर ईस्ट पालो आल्टोतल्या लोकांचा विश्वासच बसेना. मंक आला. शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यानं सांगितलं होतं की मला कार्यक्रम रेकॉर्ड करू दिलात तर पियानो मी लावून देतो. त्याच माणसाच्या टेपवरून इम्पल्सनं २०२०मध्ये अल्बम काढला. चार्ली राउज, लॅरी गेल्स आणि बेन रायली ही मंकची कसलेली मंडळी पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ वाजवतात, आणि पियानो खरोखर सुरात आहे.

आता सोडून कशाला द्यायचं, तेही सांगतो. पियानोवादक बिल एव्हन्सचं १९६८चं त्रिकूट बघा. एडी गोमेझ बासवर आणि जॅक डीजॉनेट ड्रम्सवर. हा संच सहाच महिने टिकला आणि फार काळ त्याची एकच ओळख होती, जून १९६८चा, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू महोत्सवातला अल्बम. २०१६मध्ये रेझोनन्स कंपनीनं याच संचाचं, माँत्रूनंतर पाचच दिवसांनी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या स्टुडिओत झालेलं काम बाहेर काढलं. ते कुणाला ठाऊकच नव्हतं, आवाज उत्तम होता, आणि डीजॉनेटचे ड्रम्सवरचे ब्रश एव्हन्सला कसे हलकेच पुढे ढकलतात ते पहिल्यांदा स्पष्ट कळलं. ते घ्यायलाच हवं. मग २०१७मध्ये नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमच्या रेडिओची टेप आली. ब्लॅक फॉरेस्टनंतर दोनच दिवसांची. वादन सुंदर आहे, पण एका आठवड्याच्या आतल्या तीन तारखा झाल्या. २०२०मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबातली टेप आली, तिचा आवाज आधीच्या तिन्हींपेक्षा कमकुवत. एव्हन्स तुमचं दैवत असेल तर चौथीही घ्या. नसेल तर ब्लॅक फॉरेस्ट आणि माँत्रू पुरे. एकाच दौऱ्यातली, त्याच रचनांची तिसरी टेप सहसा भक्तांसाठीच असते.

सॅक्सोफोनवादक सोनी रॉलिन्सच्या 'रॉलिन्स इन हॉलंड'बद्दल मात्र मी असं म्हणणार नाही. मे १९६७मधलं हे वादन. १९६६ ते १९७२ या काळात रॉलिन्सनं एकही स्टुडिओ अल्बम केला नाही. त्याच सुमारास तो मुंबईतल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला, योग आणि वेदान्त शिकला. आयुष्याच्या त्या वळणावर तो वाजवत कसा होता, याचं उत्तर या डच टेपमध्ये आहे. सोबतीला रूड जेकब्स आणि हान बेनिंक हे दोघे स्थानिक वादक, तयारीला वेळ जवळपास नाहीच, आणि रॉलिन्स एका रचनेतून दुसरीत, तिथून तिसरीत न थांबता चालतो. सहा वर्षांची पोकळी ही टेप भरून काढते. २०२०मध्ये ती निघाली तेव्हा रॉलिन्स नव्वद वर्षांचे होते आणि ते स्वतः त्या कामात सहभागी होते. पुढे १९७८मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत सुरू केलेल्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवातही रॉलिन्स वाजवून गेले, हे आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहेच.

अधिकृत की अनधिकृत, हे ओळखायला थोडा कायदा माहीत हवा. युरोपात प्रकाशित रेकॉर्डिंगवरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता, २०११च्या निर्णयानं तो ७० वर्षांचा झाला. पण ५० वर्षांत प्रकाशितच न झालेल्या टेपला ही वाढ मिळत नाही. त्यामुळे जुन्या रेडिओ प्रसारणांच्या टेप उचलून कसलीही परवानगी न घेता सीडी छापणाऱ्या छोट्या कंपन्यांचं तिकडे पीक आलं. त्यातल्या काही कायद्याच्या चौकटीत बसतातही. पण वादकाच्या घरच्यांना त्यातून छदाम मिळत नाही. अधिकृत अल्बम घेतला की पुस्तिकेत हक्क कुणाचे ते लिहिलेलं असतं, वारसांचे आभार असतात, छायाचित्रकाराचं नाव असतं, टेपचा मालक कोण आणि ध्वनिदुरुस्ती कुणी केली तेही असतं. झेव्ह फेल्डमन हा माणूस रेझोनन्स आणि इतर कंपन्यांसाठी अशी कामं वर्षानुवर्षं करतो आहे. टेप सापडणं हा त्याच्या कामातला सोपा भाग. पुढचे महिने, कधी वर्षं, प्रत्येक वादकाचे वारस शोधण्यात आणि त्यांच्याशी करार करण्यात जातात. मागच्या कव्हरवर नुसतं 'लाइव्ह रेडिओ ब्रॉडकास्ट' आणि एक अंधुक फोटो एवढंच असेल, तर ती वस्तू दुकानात तशीच ठेवा.

टेपचा वेग बरोबर आहे का, हेही तपासता येतं, आणि हे कुणी सहसा सांगत नाही. घरगुती मशीनचा वेग थोडा मागेपुढे असायचा. वेग सहा टक्क्यांनी चुकला तर सूर अख्खा अर्धस्वर वर-खाली जातो, लय बदलते, सॅक्सोफोनचा आवाजही किरटा किंवा जाडा होतो. चांगला इंजिनिअर पियानोच्या सुराशी ताडून बघतो, पण पियानोच उतरलेला असेल तर? तेव्हा टेपवरची विजेची घरघर उपयोगी पडते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, युरोपात आणि आपल्याकडे ५०ची. अमेरिकन टेपवरची घरघर ६०च्या ऐवजी ६१वर दिसली तर टेप जलद चालली आहे, असं समजायचं आणि तेवढा वेग उतरवायचा. कामात हे मी नेहमीच करतो. घरी ऐकणाऱ्यानं निदान एवढं करावं: त्याच वादकाचा स्टुडिओ अल्बम शेजारी लावून तीच रचना त्याच सुरात येते का, ते पाहावं.

दुसरी खूण खरखर काढण्याच्या अतिरेकाची. सॉफ्टवेअरनं खरखर काढता येते, पण हात जड पडला की झांजांचा कडक झणत्कार जातो आणि टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या वाटतात. मला थोडी खरखर चालते. झांज मेलेली चालत नाही.

जाता जाता, कामाच्या ओघातली एक विनंती. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा झाल्या. त्याआधी ताजमध्ये, चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत, गोव्याच्या क्लबांत कितीतरी बँड वाजले. त्यांतले पुष्कळ गोवेकर वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत आणि रात्री जॅझ. कुणाच्या माळ्यावर त्या काळचं एखादं स्पूल असेल तर ते लगेच जुन्या मशीनवर लावून बघू नका. खोक्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर टेपचा पाया कुजायला लागला आहे. टेप चिकट लागत असेल, जे विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही बनावटींचं दुखणं आहे, तर तशीच चालवल्यावर मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी चिखल जमतो आणि त्यासोबत आवाजही जातो. अशी टेप आधी मंद आणि नेमक्या उष्णतेत काही तास शेकावी लागते, आणि हे काम घरच्या ओव्हनमध्ये करायचं नाही. खोकं फेकू नका. त्यावरची तारीख, नाव, आणि 'साडेसात' किंवा 'पावणेचार' असा वेगाचा आकडा, एवढ्यावरूनही पुढे पुष्कळ शोधता येतं.

आता नव्या अल्बमांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संग्रह आणि नवं काम यांत भिंत आहे असं समजू नका. जॉन कोलट्रेनची दुसरी पत्नी, हार्प आणि पियानोवादक ॲलिस कोलट्रेनचं उदाहरण घ्या. २१ फेब्रुवारी १९७१ला स्वामी सच्चिदानंदांच्या योग संस्थेच्या मदतीसाठी कार्नेगी हॉलमध्ये ती वाजवायला बसली. दोन बास, दोन ड्रमर, फारो सँडर्स आणि आर्ची शेप हे दोन सॅक्सोफोन, शिवाय एक हार्मोनियम आणि एक तानपुरा. इम्पल्सनं तेव्हा ते रेकॉर्ड केलं पण छापलं नाही. वाद्यं वेगवेगळी टिपलेल्या मूळ बहुट्रॅक टेप नाहीशा झाल्या, आणि २०२४चा अल्बम मागे उरलेल्या दोन ट्रॅकच्या मिश्रणावरून तयार झाला. म्हणजे वाद्यांचा समतोल नव्याने साधायची सोयच नव्हती, जे होतं तेच साफ करायचं. पहिल्या दोन रचनांत, 'जर्नी इन सच्चिदानंद' आणि 'शिवलोक'मध्ये, ती हार्प वाजवते. बासची एकच आकृती पुनःपुन्हा येत राहते आणि हार्पचे सूर तिच्यावरून ओघळत जातात. आपल्या कानांना तानपुऱ्यामुळे हे सगळं ओळखीचं वाटतं. मग ती पियानोकडे वळते, जॉन कोलट्रेनची 'आफ्रिका' सुरू होते, आणि जवळपास अर्धा तास दोन ड्रमर आणि दोन सॅक्सोफोन जे करतात त्यात तानपुरा शोधूनही सापडत नाही. एकाच मैफलीत ध्यान आणि वादळ, आणि दोन्ही एकाच बाईच्या नेतृत्वाखाली.

त्यानंतर लगेच ब्रँडी यंगरचा 'गॅडअबाउट सीझन' लावा. हार्पवादक यंगरनं २०२५चा हा अल्बम ॲलिसच्या स्वतःच्या, दुरुस्त केलेल्या हार्पवर वाजवला आहे. वाद्य तेच, पण यंगर ॲलिसची नक्कल करत नाही. तिची लय आजच्या न्यूयॉर्कची आहे आणि रचना आटोपशीर. कार्नेगीची मैफल ऐकलेल्या कानांना या अल्बममध्ये दुप्पट काही मिळतं.

पियानोवादक कीथ जॅरेटच्या बाबतीत तर नवा अल्बम म्हणजेच संग्रहातली टेप. २०१८मध्ये त्याला दोनदा पक्षाघाताचा झटका आला आणि मैफली थांबल्या. तेव्हापासून ईसीएम कंपनी त्याच्या २०१६च्या उन्हाळ्यातल्या युरोप दौऱ्यातली एकेक रात्र सावकाश बाहेर काढते आहे. म्युनिक, बुडापेस्ट, बोर्दो, आणि मे २०२५मध्ये 'न्यू व्हिएन्ना'. चारही एकट्या पियानोच्या, जागेवर सुचलेल्या मैफली. आधी बोर्दो घ्या. छोटे-छोटे तुकडे आहेत, आणि सुरुवातीचा अवघड भाग ओलांडला की पुढे फार कोवळं काही हाती लागतं. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरच्या 'सेलिब्रेशन, व्हॉल्यूम १'चीही अशीच गोष्ट. २०१४ची स्टॉकहोमची मैफल, २०२३मध्ये जाण्याआधी शॉर्टरनं स्वतः निवडलेली. वादकानं स्वतः निवडलेल्या टेपला मी नेहमी वरचं स्थान देतो.

अगदी आजच्या कामांपैकी विजय अय्यरचा 'कम्पॅशन', २०२४चा, लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांच्याबरोबरचा. पियानो, बास, ड्रम्स या जुन्या मांडणीत तिघे एकमेकांना इतकी मोकळीक देतात की साथ कोण करतंय आणि पुढे कोण आहे, हे सांगता येत नाही. सॅक्सोफोनवादक इमॅन्युएल विल्किन्सचा 'ब्लूज ब्लड' हा त्याच वर्षीचा, त्यात मूळ तमिळ संस्कार असलेली गायिका गानव्याही आहे. मेरी हॅल्व्हरसनचा 'अबाउट घोस्ट्स' २०२५चा. तिच्या गिटारचा सूर मधेच वाकतो, घसरतो, आणि सुरुवातीला कानाला खटकतोच. पण तिनं फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी केलेली मांडणी पुनःपुन्हा ऐकावी अशी आहे. ज्येष्ठांमध्ये सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड. त्यानं २०२४मध्ये आपल्या ८६व्या वाढदिवशी 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो' हा दुहेरी अल्बम काढला, जेसन मोरान, लॅरी ग्रेनेडियर आणि ब्रायन ब्लेड यांच्या साथीनं. झाकीर हुसेन यांच्याबरोबरचं त्याचं 'संगम' हे लाइव्ह काम तुम्ही ऐकलं असेल तर हा स्वर लगेच ओळखाल.

खरेदीबद्दल शेवटचं. संग्रहातल्या अल्बमांचे एलपी बऱ्याचदा एप्रिलच्या रेकॉर्ड स्टोअर डे या रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवशी किंवा नोव्हेंबरमध्ये मोजक्याच प्रती छापून येतात आणि त्या घाईत लोक जास्त पैसे मोजतात. सीडी सहसा काही दिवसांच्या अंतरानं येते, तीच पुस्तिका, त्याच मुलाखती, तोच आवाज, आणि पैसे निम्म्याहून कमी. सत्तर-ऐंशी मिनिटांची मैफल सीडीवर सलग ऐकता येते, 'आफ्रिका'सारख्या रचनेच्या मध्यावर उठून बाजू उलटावी लागत नाही. स्ट्रीमिंगवर ऐकायला हरकत नाही, पण तिथे पुस्तिका नसते, आणि टेपचा इतिहास पुस्तिकेतच असतो. नव्या वादकांचे अल्बम मात्र त्यांच्या स्वतःच्या पानावरून किंवा बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरून थेट घ्या, डिजिटल घेतलेत तरी चालेल. तिथे तुमच्या पैशाचा मोठा वाटा थेट वादकाच्या खात्यात जातो आणि त्याच्या पुढच्या स्टुडिओच्या तासांना लागतो.

या महिन्यात एकच घ्यायचा असेल तर यंगर. दोन घेता आले तर तिच्याबरोबर ॲलिसची कार्नेगीची मैफल.